किती पानांचं

कुर्त्याच्या खिशात चुंबक घेऊन मी गणपती पेठेत शिरले.
कारखान्याच्या प्रयोगशाळेतलं, करंगळीच्या पेराएवढं,
रस ढवळायला चंचुपात्रात सोडतो ते.
शनिवारी उचललंय, सोमवारी परत ठेवणार आहे.
चोरी म्हणू नये.

चौगुल्यांच्या दुकानात भांडी छताला टेकलेली.
पायगोंडा आण्णा गादीवर, कपाळाला गंध.
"वीस लिटरचं पातेलं? किती पानांचं जेवण ओ म्याडम?"
जेवण नाही, म्हटलं. काढा.
"वीस लिटर काढा?"
कारखान्यात साथ आहे.
खोटं एकदा शिजवायला घेतलं की त्यालाही भांडं मोठंच लागतं.

तांबं आलं पुढं, ठोक्याठोक्यांचं, आतून कल्हई.
चुंबक लावलं. घसरलं.
पितळ. घसरलं.
जर्मनचा टोप, "लग्नाला ह्योच नेत्यात",
घसरलं.
एक स्टीलचं, त्यात मला माझं नाकसुद्धा दिसलं,
तेही नुसतं दिसण्यापुरतं.
आण्णा बघत राहिले.
गिऱ्हाईक टिचकी मारून नाद ऐकतं,
उजेडाकडं धरून भोक शोधतं,
काठावर बोट फिरवून धार बघतं,
पण भांड्याच्या बुडाला असं लाडीगोडी लावताना
त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं.

सांगितलं त्यांना: शेगडी विजेची आहे.
वर नुसती काच, जाळ नाही.
ज्याच्या बुडात लोखंड नाही
त्याला ती ओळख दाखवत नाही, टीं टीं करून गप्प बसते.
"म्हंजे सोयरीकच की," आण्णा म्हणाले,
"पत्रिका जुळाय पायजे."
भरमू, तिसऱ्या माळ्यावरचं काढ रे.

धूळ, जुनं वर्तमानपत्र, आणि तीन थरांचं जाड बूड.
चुंबक टक्कन बसलं, पालीसारखं.
बावीस लिटर. मोह झाला.
मग रोज मांडते तसे आकडे मांडले:
दोन हजार वॅट, बावीस लिटर पाणी,
उकळी यायला दीड तास,
तीही दुखणाईताच्या श्वासासारखी, येते न येते.
शेगडीचं वेटोळं जेमतेम वीतभर.
त्यावर परातीएवढं बूड ठेवलं
तर मध्ये ज्वालामुखी, कडेला महाबळेश्वर.
बारा लिटरचं घेतलं. उभट, पण फार नाही.
वरचे चार लिटर रिकामे ठेवायचे,
सातूचा फेस दुधापेक्षा बेइमान.

"नाव काय घालू?" भरमूनं मशीन हातात घेतलं.
इथं नाव नसलेलं भांडं म्हणजे
पंगतीत हरवायला मोकळं.
सौ. नाही. श्रीमती नको.
स्मरणार्थ म्हणावं तर सगळे हयात.
म्हटलं, आतून आकडे घाल.
मापानं पाणी ओत, जिथं टेकेल तिथं रेघ मार:
चार, सहा, आठ, दहा.
"आतलं कोण वाचतंय, ताई?"
मी.

दहाचा शून्य जरा वाकडा आला. त्यानं जीभ चावली.
राहू दे म्हटलं.

स्कूटीच्या पायापाशी पातेलं, पातेल्यात पावती.
आण्णा पायरीपर्यंत आले.
"काढा चांगला झाला तर आम्हालाबी धाडा तांब्याभर.
गुडघं धरल्यात."

विश्रामबागेपर्यंत तेच डोक्यात.
सातू भिजवून गाळलेलं पाणी गोडच असतं,
उसाच्या पहिल्या रसासारखं नाही, भाजल्या भाकरीसारखं गोड.
यीस्ट पडेपर्यंत ते कुणाचंच नाव घेत नाही.
म्हणजे रविवारी पहाटे चार वाजता मांडावं लागेल,
सहाच्या रेघेपर्यंत,
उकळी, मग गार,
आणि त्यातला पहिला तांब्या, काही मिसळायच्या आधी,
पेठेत पोचवावा लागेल.
दिवस मावळायच्या आत.
नंतर आण्णा पाणीही घेत नाहीत.